एकाच रक्ताचे तीन आकडे : ड जीवनसत्त्वाच्या तपासणीचा माझा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी जीवरसायन विभागाचे काम पाहते. 2021 च्या जून महिन्यात एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे आल्या. गुडघेदुखीसाठी त्यांच्या डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची तपासणी सांगितली होती. बाईंनी पिशवीतून दोन अहवाल काढून माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. आमच्या अहवालात आकडा होता 13.4 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. चार दिवसांनंतर शहरातल्याच दुसऱ्या एका लॅबने दिलेला आकडा होता 21.8. मधल्या काळात त्यांनी कोणतेही औषध घेतले नव्हते. “ताई, ह्यातलं खरं कुठलं धरायचं? औषध सुरू करू का नको?” एवढेच त्यांनी विचारले, आणि त्याचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही.

हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2011 मध्ये 20 ही पातळी बहुतेकांना पुरेशी मानली. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने 20 च्या खाली कमतरता आणि 30 च्या खाली अपुरेपणा अशी विभागणी सुचवली. म्हणजे आमच्या आकड्याने बाई कमतरतेच्या गटात जात होत्या आणि दुसऱ्याने त्यातून बाहेर पडत होत्या. रक्तातल्या 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी या रूपाची मात्रा निम्मी व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत ती एवढी बदलण्याचे कारणच नाही.

प्रथम मी आमचीच चूक शोधली. त्यांच्या सीरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पातळ भागाची, शिल्लक कुपी उणे 20 अंशांवर ठेवलेली होती. ती पुन्हा लावली तेव्हा 13.9 आले. त्या दिवसाची दोन्ही कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले पडताळणीचे नमुने, मर्यादेत होती. मशीन तोच आकडा पुन्हा पुन्हा देत होते, परंतु तोच आकडा पुन्हा येणे आणि तो खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात शिकलेले वाक्य मला त्या दिवशी प्रथमच पुरते कळले. दुसऱ्या लॅबचे मशीन वेगळ्या कंपनीचे होते, आणि दोन्ही अहवालांवर पद्धतीचे नाव नव्हते. आमच्याही अहवालावर ते नव्हते, याची मला मनापासून खंत वाटली.

आमची पद्धत केमिल्युमिनिसन्सची, म्हणजे रसायनातून निघणारा उजेड मोजणारी, आणि प्रतिपिंडांवर, म्हणजे ठरावीक द्रव्याला चिकटणाऱ्या प्रथिनांवर, आधारलेली. तिच्यात प्रतिपिंडांवरच्या जागा मोजक्या असतात, आणि रुग्णाच्या रक्तातले जीवनसत्त्व व किटमधले खूण लावलेले जीवनसत्त्व अशा दोघांना त्या जागांसाठी झटावे लागते. केएमटीच्या भरलेल्या बसमध्ये आपली माणसे जितकी जास्त चढतील तितकी दुसऱ्यांना जागा कमी, तसे हे आहे. रुग्णाचे जीवनसत्त्व जास्त असेल तर खूण लावलेले कमी चिकटते आणि उजेड कमी पडतो. मात्र त्याआधी एक अवघड काम असते. रक्तातले हे द्रव्य मोकळे नसते. त्याचा 85 ते 90 टक्के भाग ड जीवनसत्त्व वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाला घट्ट धरून असतो, आणि उरलेला बहुतेक अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाला. तो सोडवल्याशिवाय मोजता येत नाही. स्वयंचलित मशीनमध्ये तीव्र सेंद्रिय द्रावक वापरता येत नाहीत, म्हणून आम्लता बदलून किंवा जागा बळकावणारे दुसरे रसायन घालून ही सोडवणूक अर्ध्या तासाच्या आत उरकावी लागते. ती प्रत्येक कंपनीच्या किटमध्ये आणि प्रत्येक माणसाच्या रक्तात सारखी होत नाही.

आमच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी तुलना करायची परवानगी दिली आणि खर्चही मान्य केला. दोन पद्धतींच्या तुलनेसाठी किमान 40 रुग्णांचे नमुने घ्यावेत आणि ते अगदी कमीपासून जास्तीपर्यंत पसरलेले असावेत, असा प्रयोगशाळांचा मान्य संकेत आहे. कमी आकड्यांचे नमुने सहज मिळाले. जास्त आकड्यांसाठी अडेल असे वाटले होते, पण कोविडच्या काळात ड जीवनसत्त्वाच्या 60,000 युनिटच्या पुड्या कितीतरी जणांनी घेतल्या होत्या, त्यामुळे तेही जमले. प्रत्येकाची संमती घेऊन सीरमच्या दोन कुप्या केल्या आणि दोन्ही एकाच वेळी गोठवल्या. एक वर्षाखालची बाळे मी मुद्दाम वगळली. त्याचे कारण पुढे येईल.

एक कुपी आमच्या मशीनवर लावायची आणि दुसरी पुण्याच्या एका मोठ्या लॅबला पाठवायची, जिथे लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे बोलण्यातले एलसी-एमएस, होते. या मशीनमध्ये द्रव्ये आधी वेगळी करून मग त्यांच्या वस्तुमानावरून मोजतात. नमुने निघायच्या आदल्या दिवशी पंचगंगेचे पाणी वाढले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. वीज ये-जा करत होती. मी आणि आमचे टेक्निशियन दादा दर दोन तासांनी फ्रीजरच्या तापमानाची नोंद घेत राहिलो. गोठलेल्या सीरममध्ये हे द्रव्य फार टिकाऊ असते, हा त्या दिवसांतला मोठा दिलासा होता. रस्ता सुरू झाल्यावर मी कुरिअरची वाट न पाहता थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन स्वतःच पुण्याला गेले.

तिथे मी दिवसभर उभी राहून काम पाहिले. दोनशे मायक्रोलिटर सीरममध्ये ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घातलेले तेच द्रव्य ठरावीक मात्रेत मिसळतात. पुढच्या वाटेत जेवढी घट होईल तेवढीच त्याचीही होते, म्हणून शेवटी गुणोत्तर काढले की हिशेब बरोबर लागतो. मग ॲसिटोनायट्राइल हे द्रावक पडले आणि क्षणात नळीत नासलेल्या दुधासारख्या पांढऱ्या गुठळ्या झाल्या. ही सगळी प्रथिने, आणि त्यांनी धरून ठेवलेले जीवनसत्त्व आता पूर्ण सुटलेले. त्यानंतर हेक्झेन या दुसऱ्या द्रावकाचा थर वर घेणे, नायट्रोजनच्या झोताखाली तो सुकवणे, पुन्हा विरघळवणे आणि मशीनला देणे. एका खेपेला अर्धा दिवस गेला. मशीनची किंमत कोटीच्या घरातली आणि ते चालवायला शिकलेला माणूस हवा. कोल्हापूरच्या छोट्या लॅबला हे का परवडत नाही, ते सांगावे लागले नाही.

ड जीवनसत्त्वाचे डी-टू आणि डी-थ्री असे दोन प्रकार मोजले जातात. पडद्यावर डी-थ्रीच्या शिखराला लागून एक बारीकसा उंचवटा दिसत होता. तिथल्या शास्त्रज्ञ मॅडमनी बोट ठेवून सांगितले की तो सी-3 एपिमर, म्हणजे त्याच अणूंची थोडी वेगळी रचना असलेला जुळा रेणू, आहे. त्याचे वस्तुमान तेच असते, त्यामुळे द्रव्ये वेगळी करणाऱ्या नळीत, म्हणजे स्तंभात, तो नीट वेगळा केला नाही तर एलसी-एमएससुद्धा त्याला डी-थ्रीमध्ये मोजते आणि आकडा फुगतो. प्रतिपिंडांच्या बहुतेक किटना तो जवळजवळ दिसत नाही. तान्ह्या बाळांत त्याचे प्रमाण बरेच असते, म्हणून त्यांना मी वगळले होते. ज्याला आपण मानदंड समजतो त्या पद्धतीलाही अशी काळजी घ्यावी लागते, हे पाहून मला तिच्याविषयी अधिकच आदर वाटला.

आकडे आल्यावर आमच्या दादांनी आधी सहसंबंध, म्हणजे दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांबरोबर किती वरखाली होतात ते, काढला आणि तो उत्तम निघाला म्हणून ते खूश झाले. मी मात्र ब्लँड आणि आल्टमन यांनी 1986 मध्ये मांडलेल्या पद्धतीने प्रत्येक जोडीचा फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडला, कारण एक पद्धत सतत कमी दाखवत असली तरी सहसंबंध चांगलाच येतो. आलेखात बहुतेक ठिपके शून्याच्या खाली होते, म्हणजे आमचे मशीन सर्वसाधारणपणे कमी दाखवत होते. या तुलनेत बाईंचे जूनचे सीरमही होते; त्यांचा एलसी-एमएसचा आकडा आला 17.6, म्हणजे दोन्ही अहवालांच्या मधला.

पण मला खरे शिकवले ते त्या थव्यापासून लांब पडलेल्या ठिपक्यांनी, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी मी फोन केला. एक आजोबा जैन होते. डी-थ्री बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून बनते म्हणून ते डी-टूच्या गोळ्या घेत होते. एलसी-एमएसने डी-टू आणि डी-थ्री वेगवेगळे मोजून बेरीज दिली. आमच्या किटच्या प्रतिपिंडाला डी-टू पुरते ओळखता येत नव्हते, म्हणून आजोबा गोळ्या नेमाने घेत असूनही आमच्याकडे त्यांचा आकडा खालीच राहात होता. दोन ठिपके गरोदर स्त्रियांचे होते. गरोदरपणात ते वाहक प्रथिन खूप वाढते आणि मशीनमधली सोडवणूक अपुरी पडते. उलट बाजूला, शून्याच्या बऱ्याच वर, एकटाच ठिपका एका विद्यार्थिनीचा होता. ती केसांसाठी रोज 10 मिलिग्रॅम बायोटिन, म्हणजे ब गटातले एक जीवनसत्त्व, घेत होती. आमच्या किटमध्ये बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारे स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन अशी जोडी वापरलेली आहे, आणि अशा स्पर्धेच्या पद्धतीत रक्तातले जादा बायोटिन निकाल खोटा वाढवते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने बायोटिनबाबत 2017 मध्येच सावध केले होते आणि किटच्या माहितीपत्रकातही ते बारीक अक्षरांत होते. आम्ही रुग्णांना विचारत नव्हतो, ही आमची उणीव. आठवडाभर गोळी बंद ठेवून तिचे रक्त पुन्हा घेतले, तेव्हा आमचा आकडा एलसी-एमएसच्या जवळ आला.

असे वेगवेगळे आकडे येऊ नयेत म्हणून जगभर काम झालेले आहे. ब्रिटनमधून चालणारी डेक्वास ही बाह्य गुणवत्ता योजना 1989 पासून आहे, अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांच्या राष्ट्रीय संस्थेने 2009 मध्ये ठरलेल्या मात्रेचे संदर्भ सीरम उपलब्ध केले, आणि 2010 मध्ये सुरू झालेल्या प्रमाणीकरण कार्यक्रमामुळे सीडीसी ही अमेरिकेची आरोग्यसंस्था आता सरासरी फरक 5 टक्क्यांच्या आत आणि निकालांची चलबिचल 10 टक्क्यांच्या आत असेल तरच प्रमाणपत्र देते. मी कंपनीच्या प्रतिनिधींकडे याचा पाठपुरावा केला. तीन पत्रे गेल्यावर नव्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे आकडे नव्याने जुळवलेले, किट आले, आणि उरलेल्या कुप्या त्यावर लावल्या तेव्हा फरक बराच कमी झाला. गरोदर स्त्रियांचा आणि आजोबांचा प्रश्न मात्र तसाच राहिला, म्हणून अशांचे नमुने आता आम्ही पुण्याला पाठवतो.

अहवालावर आता पद्धतीचे आणि मशीनचे नाव छापले जाते, आणि रक्त घेण्यापूर्वी बायोटिन, डी-टू व गरोदरपण यांची विचारणा होते. एकदा तपासणी झाली की पुढची तपासणी त्याच पद्धतीने करावी, असेही आम्ही खाली लिहितो. काही डॉक्टरांना हा मजकूर लांबलचक वाटला. मला तो आवश्यक वाटतो.

बाईंच्या डॉक्टरांनी 17.6 धरून आठ आठवडे दर आठवड्याला एक पुडी दिली. ऑक्टोबरअखेर त्या पुन्हा आल्या. त्यांची जूनमधली कुपी मी फ्रीजरमधून काढली आणि नव्या नमुन्याबरोबर एकाच खेपेत, त्याच नव्या किटवर लावली. जुन्याचा आकडा आला 16.9 आणि नव्याचा 31.2. दोन्ही आकडे एकाच कागदावर, पद्धतीच्या नावासह छापून मी बाईंच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचले आणि म्हणाल्या, “आता कळलं मला. पुढच्या वेळीही असंच करा.” त्यांच्या नव्या सीरमची एक कुपी तारीख घालून आम्ही उणे 20 च्या खणात ठेवली आहे.