रिपोर्ट नॉर्मल होता, पण आईच्या वयाचा आणि बाईचा नव्हता

आईच्या छातीत दुखत नव्हतंच. जबडा जड झालाय, जीव घाबरतोय, चार पायऱ्या चढलं की धाप लागतेय, एवढंच ती सांगत होती. वय ७६. घरात सगळ्यांचं एकमत, पित्त झालंय. तरी मी तिला कॅज्युअल्टीत नेलंच.

ईसीजीत ठळक काही दिसलं नाही. हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन आय, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, आलं २१, शेजारी छापलेली मर्यादा २६. "नॉर्मल आहे, घरी न्या," असं ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याच कागदावर एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक, ६१०, जाड अक्षरात, पुढे वर जाणारा बाण. मर्यादा छापली होती १२५. तो बाण बघून भाऊ हादरलाच.

तेवढ्यात राऊंडला फिजिशियन मॅडम आल्या. त्यांनी आकड्यांआधी कागदाच्या वरच्या कोपऱ्यातलं वय आणि 'स्त्री' हे वाचलं. म्हणाल्या, "२६ ही बायका-पुरुष एकत्र धरून काढलेली मर्यादा आहे. तपासणीच्या याच किटची बायकांची १६ आहे, पुरुषांची ३४. आजींना घरी पाठवायचं नाही."

बायकांच्या हृदयाचा स्नायू आकाराने लहान, त्यामुळे निरोगी बाईच्या रक्तात ट्रोपोनिन मुळातच कमी असतं, हे त्यांनी मला उभ्याउभ्या समजावलं. हार्ट अटॅकच्या २०१८च्या जागतिक व्याख्येतही स्त्री-पुरुषांसाठी वेगळी मर्यादा वापरा, असं म्हटलंय. पण नुसत्या एका आकड्यावर निदान होत नाही. म्हातारपणी, किडनी कमजोर असली की ट्रोपोनिन कायमच थोडं चढलेलं असू शकतं. अटॅकमध्ये ते काही तासांत वर किंवा खाली सरकतं. म्हणून तीन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. ७४! दुसऱ्या दिवशी ॲन्जिओग्राफी, लगेच स्टेंट.

आणि तो बाण? एनटी-प्रोबीएनपी वयाबरोबर वाढतं, बायकांमध्ये जरा जास्तच. धाप लागून आलेल्या पेशंटमध्ये ते ३०० च्या आत असेल तर तीव्र हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदयाचं पंपिंग अचानक कमी पडण्याची, शक्यता फार कमी. आहे असं धरायचं तर पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंचाहत्तर ९००, त्यापुढे १८००. आईचं ६१०, म्हणजे ३०० आणि १८०० च्या मध्येच कुठेतरी. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, पंपिंग चांगलं निघालं.

आम्ही घाबरलो ६१० ला, आणि धोका होता २१ मध्ये. याचा मला अजून राग येतो. वय आणि लिंग लॅबकडे लिहिलेलं असतं, मग मर्यादा त्याप्रमाणे छापायला काय हरकत आहे?

तुमच्यावर अशी वेळ आली तर माझा १६ हा आकडा जसाच्या तसा लावू नका. किट बदललं की ट्रोपोनिनची मर्यादा बदलते. या किटची बायकांची मर्यादा किती आणि दुसरं रक्त कधी घेणार, हे दोन प्रश्न तिथेच विचारा. त्या दुसऱ्या रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंटला घरी नेऊ नका.