तात्यांचं नाव घ्या ना कुणीतरी

आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, २०२४ च्या आषाढात गेले, ७३ वर्षांचे होते. एसटीत कंडक्टर. १९७५ ला लागले, २००९ ला रिटायर झाले, त्यातली बरीचशी वर्षं वाई डेपोला, त्यामुळे पसरणी घाटातलं प्रत्येक वळण त्यांना डोळे मिटून सांगता यायचं.

खरं सांगू का, पहिले दहा-बारा दिवस तेवढे जड गेले नाहीत. घरात माणसंच माणसं होती ना. माती झाली त्या दिवशी चूल पेटवायची नव्हती, शेजारच्या काकू कडू घास घेऊन आल्या, पिठलं आणि ज्वारीच्या भाकरी, फडक्यात बांधलेल्या, अजून गरम. मला घास गिळवेना. काकूंनी भाकरी कुस्करून पिठल्यात कालवली, ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "तात्या ड्युटीवरनं आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, पोरींनी खाल्लं का." बस, एवढंच. मी रडत रडत अर्धी भाकरी खाल्ली.

सावडायचा दिवस झाला, रक्षा आम्ही नदीत न सोडता शेतात आंब्याच्या बुडाशी घातली, आमच्याकडे हल्ली बरेच जण तसंच करतात. दहाव्याला घाटावर पिंड ठेवलं तर कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, बघा, काही इच्छा राहिली नव्हती, समाधानानं गेले. आणि मला मात्र आतून इतकं वाईट वाटलं, की खरंच काही राहिलं नव्हतं का, आम्हाला काहीच सांगायचं नव्हतं का त्यांना, थोडं तरी थांबायला हवं होतं त्या कावळ्यानं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

मग तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं, पाहुणे गेले आणि घर एकदम गप्प झालं. खरं दुःख तिथून सुरू होतं असं मला वाटतं. कारण त्यानंतर लोक तात्यांचं नावच घेईनात. मी विषय काढला की आत्या म्हणायची, "आता रडायचं नाही, त्यांच्या आत्म्याला त्रास होतो." ऑफिसात सगळे चांगले वागायचे, पण मी 'आमचे तात्या' म्हटलं की समोरचा लगेच जेवणाचा नाहीतर कामाचा विषय काढायचा. माझ्या भल्यासाठीच, मला कळतं ते. आणि जे बोलायचे ते म्हणायचे, वय झालं होतं, सुटले, तुम्ही खूप केलंत. वय झालं होतं हे वाक्य तर कुणी कुणालाच म्हणू नये. माझे वडील ७३ वर्षांचे होते म्हणून मला ते नको झाले होते का?

एका मैत्रिणीने दुःखाच्या पाच पायऱ्यांचा फॉरवर्ड पाठवला. मी रोज स्वतःला तपासायला लागले, आज राग आला म्हणजे दुसरी पायरी का, स्वीकार कधी येणार. मग जरा वाचलं तेव्हा कळलं की एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांशी बोलून नाही, आणि त्या ओळीने चढायच्या असतात असंही काही नाही. हे वाचून मला खूप मोकळं वाटलं. माझा भाऊ तीन महिने नीट झोपत नव्हता, त्याने टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला. फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. त्याला त्याचा उपयोग झाला, म्हणून नंबर इथे देतेय, कुणाच्या तरी कामी येईल.

माझं मात्र वेगळ्याच ठिकाणी सुटलं. सप्टेंबरात वाई स्टँडवर पाचगणीच्या गाडीची वाट बघत बसले होते, शेजारी एक म्हातारी, पायाशी भाजीची रिकामी पाटी. माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू कंडक्टरची थोरली न्हवं? बरं हाईत का वडील?" तिला माहीतच नव्हतं. मी सांगितलं. वाटलं आता ही पण म्हणणार, सुटले. ती काही वेळ गप्प बसली, माझा हात आपल्या हातात घेतला आणि सांगायला लागली. "माज्या डोक्यावरची पाटी तुजं वडील सोता उतरून घ्यायचं बघ. आन मी बुड टेकल्याबिगर बेल मारायचं न्हाईत. डायवर वरडायचा, तरी न्हाई. लगेजचं तिकीट मातूर फाडायचंच, एक पैसा सोडायचं न्हाईत."

मी त्या स्टँडवर हुंदके देऊन रडले आणि त्याच वेळी मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. कारण हे तात्या मला माहीतच नव्हते! मला वाटायचं तात्या संपले, आता नवीन काही कळणार नाही, जेवढं आठवतंय तेवढंच आणि तेही हळूहळू पुसत जाणार. आणि इथे एक अनोळखी बाई मला नवे तात्या देत होती.

रात्री आईला सांगितलं तर ती हसली, आषाढापासून पहिल्यांदा. म्हणाली, "लगेजचं फाडणारच ते." आणि मग तिनेच सुरू केलं, की रिटायर झाल्यावरसुद्धा टीव्ही बघताना त्यांची उजव्या हाताची बोटं आपोआप मिटायची-उघडायची, तिकिटाला पंच मारल्यासारखी. मी ते हजारदा बघितलं होतं आणि विसरले होते.

तेव्हापासून वही केलीये. कुणीही भेटलं की मीच विचारते, तात्यांची एक आठवण सांगा. लोक आधी दचकतात, मग बोलायला लागतात आणि थांबत नाहीत. रिटायर ड्रायव्हर-कंडक्टरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यांनी व्हॉइस नोट पाठवल्या. सगळं गोड गोडच आहे असं नाही. एका माणसाने सांगितलं की कॉलेजात असताना विनातिकीट सापडलो तर तुमच्या वडिलांनी घाटाच्या पायथ्याला उतरवलं होतं, चालत गेलो, अजून राग आहे. तेही लिहून घेतलं. तोही त्यांचाच एक तुकडा आहे ना, आणि मला सगळे हवेत.

यंदा वर्षश्राद्ध झालं त्यानंतर चार दिवसांनी आई म्हणाली, चल, गाडीने पाचगणीला जाऊन येऊ. गेलो. कंडक्टर अगदी पोरसवदा होता, त्याने मशीनमधून आम्हाला दोन हाफ तिकिटं काढून दिली. घाट लागायच्या आधी एक म्हातारे आजोबा काठी टेकत चढले, पोराचा हात दोरीवर गेला आणि आई एकदम पुढे वाकून म्हणाली, "थांब बाळा, बसू दे त्यांना." त्याने मागे वळून बघितलं. आजोबा दांड्या धरत धरत आले, आमच्या पुढच्या सीटवर बसले, काठी पायात नीट लावली. मग त्याने डबल बेल मारली.