होम लॅब अपडेट: आयपीव्ही६ मध्ये फोन स्वतःच ॲड्रेस बनवतो

मंडळी, राजारामपुरीतल्या घरच्या नेटवर्कचं पुढचं अपडेट. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स सिस्टीम) मागेच चढवलंय, आता त्यावर टीसीपीडम्प (पॅकेट पकडून दाखवणारं टूल) लावून बसलोय आणि कोण कुणाला काय विचारतंय ते एकेक पॅकेट बघालोय, लई भारी वाटालंय.

आधी आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेट ॲड्रेसची जुनी पद्धत. इथं डिव्हाइसला ॲड्रेस डीएचसीपी सर्व्हर वाटतो, त्याचे डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक (म्हणजे मंजूर) हे टप्पे सगळ्यांना पाठ असतात, पण कॅप्चरमध्ये बघायची मजा वेगळी. नवीन डिव्हाइसला ऑफर मिळाली तरी ते रिक्वेस्ट परत सगळ्यांनाच पाठवतं, ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ ला, आणि ऑप्शन ५४ मध्ये (ऑप्शन म्हणजे पॅकेटमधला नंबर दिलेला रकाना) कुणाची ऑफर घेतली ते लिहितं, म्हणजे नेटवर्कवर दुसरा सर्व्हर असेल तर त्याला कळतं की आपला ॲड्रेस मोकळा झाला. आणि ओळखीचा फोन बाहेर फिरून घरी आला की पहिले दोन टप्पे गायबच, तो सरळ जुना ॲड्रेस ऑप्शन ५० मध्ये घालून रिक्वेस्ट मारतो, ॲक आलं की विषय संपला. टीसीपीडम्प अजून ह्या ओळींवर बूटपी असं छापतं, कारण डीएचसीपीचं पॅकेट १९८५ च्या बूटपी ह्या जुन्या प्रोटोकॉलच्याच साच्यात बसवलंय आणि आजही पोर्ट तेच, सर्व्हर ६७, क्लायंट ६८.

आपल्याकडं पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा हे सगळं कामाला येतं बघा. ओपनडब्ल्यूआरटी लीजची (कुणाला कुठला ॲड्रेस किती वेळ दिला त्याची) फाइल रॅममध्ये ठेवतं, राउटर बंद पडला की नोंदी पुसल्या. तरी लाईट आल्यावर घरातले फोन, टीव्ही, गच्चीवरचा ईएसपी चिपचा सेन्सर सगळे जुन्याच ॲड्रेसवर येतात, कारण डीएनएसमास्क (ओपनडब्ल्यूआरटीमधला डीएचसीपी सर्व्हर) ऑथोरिटेटिव्ह मोडमध्ये, म्हणजे ह्या नेटवर्कचा मालक मीच असं धरून असतं, नोंद नसली तरी मागितलेला ॲड्रेस मोकळा असेल तर देऊन टाकतं, आणि नव्यानं मागितला तरी मॅक ॲड्रेसचा (नेटवर्क कार्डाच्या नंबरचा) हॅश, म्हणजे त्यावरनं ठरणारा आकडा, काढून निवडतं म्हणून बहुतेक वेळा तोच मिळतो. लीज १२ तासांचं आहे, अर्ध्यात म्हणजे ६ तासांनी क्लायंट गुपचूप त्याच सर्व्हरकडं मुदत वाढवून मागतो, उत्तर नाही आलं तर साडेदहा तासांनी सगळ्यांना विचारत सुटतो.

आता आयपीव्ही६, १२८ बिटांच्या ॲड्रेसची नवी पद्धत, ज्यासाठी एवढा खटाटोप चाललाय. इथं हिशेबच वेगळा. राउटर एफएफ०२::१ वर, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना, राउटर ॲडव्हर्टाइजमेंट पाठवतो, त्यात ॲड्रेसचा फक्त पहिला ६४ बिटांचा भाग म्हणजे प्रिफिक्स, पुढचे ६४ बिट डिव्हाइस स्वतः ठरवतं, मग शेजाऱ्यांना विचारतं की हा ॲड्रेस कुणी घेतलाय का, कुणी बोललं नाही की वापरायला सुरुवात. म्हणजे कुणाकडं कुठला ॲड्रेस आहे ह्याची वही कुठंच नाही! लॅपटॉपवर तर लिंक-लोकल (फक्त त्याच नेटवर्कपुरता), एफडी नं सुरू होणारा घरचा, प्रोव्हायडरच्या प्रिफिक्सवरचा कायमचा आणि प्रायव्हसीसाठी बदलणारा असे ढीगभर ॲड्रेस एकाच वायफाय कार्डावर दिसतात, आणि सगळे बरोबर आहेत.

ओपनडब्ल्यूआरटी मुळात ह्याच्या जोडीला डीएचसीपीव्ही६ (डीएचसीपीचा आयपीव्ही६ वाला अवतार) पण ॲड्रेस वाटायला चालू ठेवतं, त्यामुळं लॅपटॉपला अजून एक /१२८, म्हणजे एक अख्खा ॲड्रेस, मिळत होता. अँड्रॉइड फोनला मात्र नाही, कारण अँड्रॉइड डीएचसीपीव्ही६ मधून असा एकेक ॲड्रेस घेतच नाही. माझं स्पष्ट मत, घरी हे वाटप बंद करा, मी केलं. ॲडव्हर्टाइजमेंटमधला एम फ्लॅग (ॲड्रेस डीएचसीपीव्ही६ कडनं घ्या ही खूण) काढला, ओ फ्लॅग (बाकीची माहिती तिथनं घ्या ही खूण) राहू दिला, आणि डीएनएस सर्व्हर (नावावरून ॲड्रेस शोधून देणारा) कुठला ते ॲडव्हर्टाइजमेंटमधल्याच आरडीएनएसएस ह्या रकान्यातून देतोय, ते अँड्रॉइडला कळतं, विंडोज १० च्या २०१७ नंतरच्या व्हर्जनला पण कळतं. ॲड्रेसची यादी छोटी झाली, कॅप्चर वाचायला सोपं झालं, आणि फोन-लॅपटॉप एकाच नियमानं चालतात हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

फाइल सर्व्हरला मात्र ठरलेला ॲड्रेस पाहिजेच. तिथं लिनक्सचं टोकन (ॲड्रेसचा शेवटचा भाग ठरवून द्यायची सोय) वापरलं, शेवट ::१० फिक्स, प्रोव्हायडरनं पुढचा प्रिफिक्स बदलला तरी शेपूट तेच राहतं. डीएचसीपीव्ही६ एका ठिकाणी मात्र लागतंच, राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या) बाजूला. तिथं तो प्रोव्हायडरकडून प्रिफिक्स डेलिगेशन, म्हणजे घरात वाटायला प्रिफिक्स, मागतो, मला /५६ मिळालंय, म्हणजे २५६ वेगवेगळी /६४ नेटवर्क. पाहुण्यांच्या वायफायला त्यातलं एक देऊन टाकलं, एनएटी (एका ॲड्रेसमागे अनेक डिव्हाइस लपवणं) नाही, पोर्ट फॉरवर्डिंग नाही, नुसता फायरवॉलचा नियम.

आता ऑप्शन १०८ लावणार आहे, २०२० च्या आरएफसी ८९२५ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मधला. त्यात डीएचसीपी सर्व्हरच फोनला सांगतो की तुला जमत असेल तर आयपीव्ही४ सोडून दे. त्याआधी एनएटी६४ (आयपीव्ही६ वाल्याला आयपीव्ही४ च्या साइटपर्यंत नेणारा दुभाषा) पाहिजे, त्यासाठी जूल हे सॉफ्टवेअर टाकायला घेतलंय. सेन्सरला ऑप्शन १०८ कळत नाही, त्यामुळं तो आयपीव्ही४ वरच राहील, त्याला हात लावायची गरज नाही. कुणी ओपनडब्ल्यूआरटीवर जूल चालवत असेल तर कॉन्फिग टाका की राव, मी माझे कॅप्चर टाकतो.