पावलं दारापर्यंत यावीत म्हणून

तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो. भेटणारे बहुतेक जण हेच विचारतात: "एरवी इतके हसतमुख असता, मग हे मरणाचं, भुताखेतांचं कशाला लिहिता? आणि त्यात विनोद कसा सुचतो?"

मी शनिवार पेठेत वाढलो. रात्री अंथरुणात आजी शनिवारवाड्याची गोष्ट सांगायची. ३० ऑगस्ट १७७३. मागे गारदी लागलेत आणि अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा "काका, मला वाचवा" म्हणत राघोबादादांकडे धावतोय. ती हाक अजूनही रात्री ऐकू येते म्हणतात. मला हाकेची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती काकाची. धावत जाऊन ज्याला मिठी मारायची, त्याचाच या कटात हात असेल तर? रामशास्त्र्यांनी पुढे त्याच काकाला दोषी धरलं. भूत नसलेली एवढी भयंकर गोष्ट मला दुसरी ठाऊक नाही.

आणि याच खुनाने आपल्याला 'ध चा मा' दिला. पत्रातल्या 'धरावे'चं आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, अशी आख्यायिका. आज आपण ते कधी म्हणतो? पत्रिकेत नाव चुकलं की, ऑफिसात निरोप फिरला की. तेही हसत. मला यात निर्दयपणा दिसत नाही. असलं काही उराशी घेऊन अडीचशे वर्षं नांदायचं, तर ते जिभेवर असं रुळवावंच लागतं.

हे मला बाबांच्या शेवटच्या आठवड्यात नीट कळलं. नर्स वजन करायला आली. बाबांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "आता चौघे उचलतीलच, त्यांनाच विचारा." नर्स हसली, मी हसलो. आई मात्र "अभद्र बोलू नका" म्हणून रडायला लागली. त्या वेळी बाबांनी चादरीखाली माझी दोन बोटं पकडली होती. इतकी घट्ट, की नखांचे वण संध्याकाळपर्यंत दिसत होते. विनोद आणि ती पकड एकाच क्षणातली. मला लिहायचं असतं ते दोन्ही, एकाच वाक्यात. नुसता विनोद लिहिला तर बाबा शूर वाटतील आणि नुसती पकड लिहिली तर बिचारे. ते दोन्ही नव्हते.

इंग्रज लेखिका मेरी शेलीची पहिली मुलगी १८१५ साली जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेली. मेरी तेव्हा सतरा वर्षांची. तिने रोजनिशीत एक स्वप्न टिपून ठेवलंय: बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीपुढे धरून चोळलं आणि ते जगलं. तीन वर्षांनी तिची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी आली. तिच्यात मेलेल्या देहांतून जीव उभा राहतो. लोक त्या राक्षसाला घाबरतात. मला त्या पानांत शेकोटीपुढे बसलेली आई दिसते.

बाबांना पोचवून वैकुंठ स्मशानभूमीतून परत आल्यावर वर्षभराने मी एक कथा लिहिली. वाड्याच्या लाकडी जिन्यावर पहाटे चपलांचा आवाज येतो. उजवा पाय जरा घासत, बाबांचा घासायचा तसा. ती वाचून झोप उडाल्याचं पुष्कळ जण सांगतात. मी मात्र लिहिताना एकेक पायरी वाढवत होतो, पावलं दारापर्यंत यावीत म्हणून. कडीही मी आधीच काढून ठेवली होती.