चाळीसच का?

तुम्ही विचारलंत म्हणून. एरवी या प्रश्नाला मी तीन वेगवेगळी उत्तरं देऊन मोकळा होतो, आणि तिन्ही अर्धीमुर्धी खरी आहेत.

प्रश्न असा: २०१९ च्या डिसेंबरात पुण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये वाजवलं, त्याची कॅसेट काढली, ती चाळीसच का? आणि संपली म्हणता, तर नेटवर टाका की. टाकायला काय जातंय?

पहिलं उत्तर पैशाचं. ऐकायला २३ माणसं होती, त्यातली चार आमच्या बिल्डिंगमधली. त्या हिशेबाने चाळीस म्हणजे उधळपट्टीच. दुसरं उत्तर डेकचं. माझ्याकडे चालू डेक एकच; जितकं वादन तितका वेळ बसून एकेक प्रत करायची. २९ मिनिटं, चाळीस वेळा. तिसरं उत्तर मी कॅसेटच्या कार्डावर छापलंय: ‘ध्वनी क्षणभंगुर, म्हणून प्रतीही मोजक्या.’ हे वाक्य आता दिसलं की कार्ड उलटं करून ठेवतो. क्षणभंगुर आहे ना, मग रेकॉर्ड कशाला केलास रे बाबा?

वाजवतो काय, तर मिक्सर. स्वयंपाकघरातला नव्हे, माईक-वाद्यांचे आवाज एकत्र करायचा, साउंडवाल्यांकडे असतो तो. माईक नाही, वाद्य नाही. मिक्सरचा आउटपुट त्याच्याच इनपुटमध्ये खुपसायचा, आणि तो स्वतःलाच ऐकू लागला की जे उमटेल ते नॉब धरून सांभाळायचं. जपानच्या तोशिमारू नाकामुरांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हेच केलंय. टोकियोत योयोगीला ऑफ साइट नावाची एक जागा होती, २००० ते २००५. भिंती पातळ, शेजार सख्खा, म्हणून तिथे सगळे हळू वाजवायचे. मला तसं हवं होतं. गोंगाटच, पण कान देऊन ऐकावा लागणारा. याला संगीत म्हणायचं का, हे कृपा करून विचारू नका. त्यावरची भांडणं घरी करून झालीत.

त्या २३ जणांत माझ्या बाई होत्या. मिरजेच्या. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत मी त्यांच्याकडे किराणा घराण्याचं गाणं शिकलो. म्हणजे शिकलो कमी, तंबोरा धरून बसलो जास्त. घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा त्या केसभर सरकवायच्या आणि ठोंब्यासारखी पडलेली तार एकदम झणझणायला लागायची. जवारी म्हणतात ती ही झणझण. ती लागली की बाई डोळे मिटायच्या. मुलाखतीत विचारलं तर मी टोकियो सांगतो. नाद लागला तो त्या दोऱ्यापाशी.

त्यांना बोलावताना मी बरीच वकिली केली. म्हटलं, बाई, तुमच्याच किराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले, तिथे ला माँट यंग, टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार त्यांचे शिष्य झाले. एकेक सूर तासन्‌तास धरून बसणारी माणसं ती. बाई म्हणाल्या, “तंबोरा ऐकायला न्यूयॉर्कला कशाला जायचं? तू ये म्हणतोयस तर येते.”

आल्या. वय ७८, सोबत भाची, पुढच्या रांगेत खुर्ची. रेकॉर्डर मी त्यांच्या शेजारच्याच स्टुलावर ठेवला होता, कारण मला हॉलचा आवाज हवा होता. वीसेक मिनिटं बरी गेली. बाविसाव्या मिनिटाला वर एक बारीक सूर उमटला. मी काहीच फिरवलं नव्हतं. मिळाला, असं वाटलं, म्हणून खालची घरघर कमी करून त्याला जागा दिली. मग खुर्ची करकरली. बांगड्या. भाचीची कुजबूज. चपला. दाराची कडी, एकदा, आणि ती लागली नाही म्हणून पुन्हा. मी वर बघितलं नाही. हात नॉबवर होते हे खरं, पण मान मोकळी होती.

नंतर बाहेर भाची म्हणाली, “मावशींचं कानातलं मशीन शिट्टी मारायला लागलं. तुमचं रेकॉर्डिंग बिघडेल म्हणून उठल्या.” बाई रिक्षात बसल्या होत्या. नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, रिक्षा गेली.

कानातलं मशीन शिट्टी का मारतं? त्याच्या स्पीकरचा आवाज परत त्याच्याच माईकमध्ये शिरतो म्हणून. मी तेच वाजवत होतो. आता कॅसेट घेतलेले लोक विचारतात, तो बाविसाव्या मिनिटाचा सूर कसा काढलात? मी म्हणतो, कमी करत करत मिळतो. थाप आहे. तो माझा की बाईंच्या कानातला, मला माहीत नाही. कडी लागल्यावर दोन सेकंदांत तो बंद होतो; पण त्याच दोन सेकंदांत मी एक नॉबही फिरवलाय, तो खट्‌ ऐकू येतो. आणि भाची खरं बोलली, की बाईंना ते सहन झालं नाही आणि तिने माझी लाज राखली?

कोऱ्या कॅसेट मी पन्नास आणल्या होत्या. हेड मळतं, आवाज बसतो, म्हणून प्रत करताना ऐकत राहावं लागतं असं मी सांगतो. हेडफोन काढून ठेवले असते तरी चाललं असतं. चाळिसाव्या वेळी बांगड्या वाजल्या तेव्हा उठून गॅलरीत गेलो. उरलेल्या दहा माळ्यावर आहेत. हे तुमचं उत्तर.

तेवढा भाग कापायचा होता, असं दोघातिघांनी सांगितलं. कापला तर सगळ्यात चांगली तीन मिनिटं जातात. हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतं, पण खरं आहे. नेटवर नाही टाकणार. बाईंचं उठून जाणं चाळीस घरांत आहे तेवढं बास. मग तीनशे रुपये घेऊन विकलंस कशाला, असं तुम्ही विचारायच्या आत मीच विचारून ठेवतो.

एक प्रत बाईंना पोस्टाने पाठवली होती. फोन आला, “मिळाली रे. टेपचा पट्टा तुटलाय, बसवला की ऐकते.” पट्टा मी इथे घेऊन ठेवलाय, त्यांच्या टेपच्या मापाचा, साठ रुपयांचा. त्यानंतर चारदा मिरजेला जाऊन आलो. चारही वेळा तो घरी राहिला.