एक पाय बाहेर

दुपारी तीनला लाईन गेली. कुलरचा पंखा दोनचार गिरक्या घेऊन थांबला आणि पुण्याहून सुट्टीला आलेली भाची गोष्ट ऐकायची म्हणून माझ्या मांडीवर येऊन आडवी झाली. राजा अजून शिकारीलाही निघाला नव्हता, तोच हिचे डोळे जड. तिचा हात माझ्या हातात होता. तो गरम होत गेला, मग तळपाय गरम झाले, मग कानशिलाजवळचे केस घामानं चिकटले. बहीण थर्मामीटर शोधायला उठली. आई सपरीत चिंचा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ताप नोहे तो. लेकरू निजाले लागलं का असंच तापते." थर्मामीटरनंही आईचीच री ओढली.

खरं तर ते तापतच नसतं. हातपाय गरम लागतात तेव्हा अंग आतून निवायला लागलेलं असतं. संध्याकाळी शरीराचं आतलं तापमान दिवसातलं सगळ्यात जास्त, तिथून उतरण, आणि पहाटे चार-पाचच्या सुमाराला तळ. सगळा मिळून फरक जेमतेम अंशभराचा. पण तेवढी उष्णता टाकायची कुठे? तळहातांत आणि तळपायांत रोहिणी नि नीलांना थेट जोडणाऱ्या बारीक वाटा असतात. अंधार पडला, मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक वाढलं, की त्या उघडतात आणि रक्त तिकडं धावतं. रात्रीच्या ओलितात दांडाला फावड्याचा एक घाव घालून पाणी वाफ्यात सोडावं तसं. दुपारी नुसतं आडवं झालं तरी थोडं रक्त हातापायांकडं सरकतंच.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या पायाची बाजू मांडायला मुद्दा मिळाला. माझा एक पाय कायम पांघरुणाबाहेर असतो. उजवा. डावा काढून बघितला, जमत नाही, कारण विचारू नका. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा साडेतीन अंशांवर उतरला होता. त्या रात्री गावात कुत्रीसुद्धा चुलीपाशी येऊन बसली, तरी माझा पाय बाहेरच. बायको म्हणते, "तुमचा पाय एक दिवस कोल्हं नेईल." नेऊ दे. दोन्ही पाय झाकले की मला कोणी पोत्यात घालून तोंड शिवल्यासारखं होतं. मोजे घालून झोपणाऱ्या माणसांबद्दल तर मी बोलतच नाही.

आमच्या आजीची सगळी डॉक्टरकी तळपायाशी सुरू व्हायची आणि तिथंच संपायची. उन्हाळ्यात अंगणात पाणी शिंपडून बाजा टाकल्या की ती काशाची वाटी घेऊन बसायची. वाटी जुनी, बुडाला घासून घासून आरशासारखी झालेली. तळपायाला तुपाचं बोट लावायचं आणि वाटीचं बूड गोल गोल फिरवायचं. आधी गुदगुल्या, मग एक थंड सरकतेपण, मग काहीच नाही. कारण तोवर आपण झोपलेलो. न झोपलेल्याला ती पाय उचलून दाखवायची. तळवा काळा झालेला. "पाय, केवढी गर्मी निघाली!" ते काळं म्हणजे काशातलं तांबं आणि तूप यांचा उद्योग, हे पुढं कळलं. आजीला ते सांगायची माझी टाप नव्हती. आणि गर्मी तळपायातून निघते हे तर तिचं बरोबरच होतं, फक्त ती काळी नसते. दुसऱ्या दिवशी चादरीवर काळे तळवे उमटायचे आणि त्यावरून सासू-सुनांचं वाजायचं, तो भाग वेगळा.

हिवाळ्यात प्रकरण उलटं. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर शेतीची लाईन रात्रीच यायची. बाबा अकराला बॅटरी आणि फावडं घेऊन निघायचे ते दोन-तीनला परत. दाराची कडी, मग पाणी ओतल्याचा आवाज, मग माझ्या पांघरुणात घुसणारे दोन पाय. असले गार पाय मी दुसरे पाहिले नाहीत. रात्रभर चिखलात राहून बोटांची टोकं सुरकुतलेली, टाचेच्या भेगांत माती तशीच. ते सरळ माझ्या पोटरीला लावून बाबा पडायचे. मी ओरडायचो. "पडून राय ना बे, पाय गरम झाल्याबिगर झोप नाही येत," असं म्हणून ते पाय आणखी आत सारायचे. माझ्या पोटऱ्या तापवायच्या कामी यायच्या, आणि त्यांचं घोरणं सुरू झालं की मी जागाच.

१९९९ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या कुर्ट क्रॉइखी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये हेच छापलं: हातपाय जितके लवकर ऊबदार होतात, तितकी झोप लवकर लागते. गार पायांच्या नसा आकसलेल्या असतात, आतली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून माणूस कूस बदलत राहतो. बाबांना हे माहीत होतं. नुकसानभरपाई मात्र मला कोणी दिली नाही.

२०१९ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या मंडळींनी जुनी संशोधनं एकत्र तपासून सांगितलं, की झोपण्याआधी तास-दोन तास चाळीस ते साडेबेचाळीस अंशांच्या पाण्यानं आंघोळ केली की झोप लवकर येते. आमच्याकडं मे महिन्यात ही सोय फुकट आहे. रात्री नऊला गच्चीवरच्या टाकीची तोटी सोडा, पाणी तयार. झोप येत नाही, ही एवढीच अडचण.

येणार कशी? वाटा उघडल्या तरी पायाबाहेरची हवा पायापेक्षा थोडी तरी गार हवी. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, वर्धा, अकोला इथं दिवसा पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नाही. मग उरतो फक्त घाम, आणि तो वाळायला वारा लागतो. म्हणून तर सगळं गाव अंगणात झोपायचं. पहाटे चारला, हवा काही फार गार नसतानाही, प्रत्येक जण पायाशी चादर चाचपायचा, कारण तीच अंगातल्या तापमानाची खालची वेळ. स्वप्नं पडणाऱ्या झोपेत तर घाम येणं आणि कुडकुडणं दोन्ही मंदावतं. तेवढा वेळ माणूस हवेच्या हवाली असतो. आजी मात्र त्या वेळी जागी असायची, आणि पोरांची पांघरुणं ओढत फिरायची.

आता अंगणात कोण झोपतं? जंगलाकाठच्या गावांत वाघ-बिबट्याची भीती, इतरत्र डास, आणि अंगणंही उरली नाहीत. ज्यांच्याकडं कुलर आहे ते दारं लावून घेतात. ज्यांच्याकडं टिनाचं छत आहे त्यांचं काय होतं, हे विचारायला आपण जात नाही. दिवसाचा पारा चाळीस किंवा वर आणि रात्रीचा नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त चढलेला असला, की हवामान खातं तिला उष्ण रात्र म्हणतं. तो आकडा मोजतात उघड्यावर, सावलीतल्या पेटीत. टिनाखालचा कोणी मोजत नाही.

परवा शेतात पराटीची धसकटं वेचायला बाया आल्या होत्या. अकराला काम सुटलं, तर त्यातली एक घरी जायच्या ऐवजी विहिरीजवळच्या लिंबाखाली पदर टाकून पडली. म्हटलं, बाई, घरी जाऊन झोपा ना. ती म्हणाली, "घरी कोण झोपते जी? टिन रातच्या एकपर्यंत तापूनच रायते. अन् चारले तं डब्बा कराले उठा लागते."

मी मोटर बंद केली आणि घरी आलो.