आधी डोंगर, मग नदी, मग नाव

मुंबई ते सिंगापूर, सिंगापूर ते ख्राइस्टचर्च आणि तिथून बसने खाली साडेतीनशे किलोमीटर डनेडिन. शिकायला न्यूझीलंडला आले, त्या एवढ्या लांबच्या प्रवासातलं मला लख्ख आठवतंय ते एकच. ख्राइस्टचर्चच्या विमानतळावर एका माणसाने माझे ट्रेकिंगचे बूट उलटे करून सोलमधली माती बघितली ते.

न्यूझीलंडमध्ये उतरताना खाण्याच्या वस्तू, बिया, लाकडाच्या वस्तू, रानात वापरलेले बूट सगळं लिहून द्यावं लागतं, आणि लपवलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मी घाबरून सगळंच लिहिलं होतं, गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि बूट. मसाल्याची पाकिटं त्याने बघितली आणि परत दिली. बुटांपाशी मात्र थांबला आणि विचारलं, शेवटचे कुठे घातले होते? मी म्हणलं डोंगरावर, घराजवळच्या. निघायच्या आठ दिवस आधी मी आणि बाबा पांडवगडावर जाऊन आलो होतो, तेव्हाची लाल माती खाचांमध्ये अजून तशीच होती. तो बूट आत घेऊन गेला आणि दहा मिनिटांनी धुऊन, पुसून, पिशवीत घालून आणून दिले, वर छान हसून वेलकम म्हणाला. नियम अगदी बरोबर आहे, त्यांनी त्यांची जंगलं अशीच जपली आहेत, मला पटतं. पण ते ओले कोरे बूट हातात घेतले आणि मला एकदम रडायलाच आलं. दोन दिवस विमानतळांवर फिरताना नाही आलं, आईने मिठी मारली तेव्हाही नाही, आणि बुटांसाठी आलं.

डनेडिन म्हणजे दक्षिण बेटाच्या खालच्या टोकाकडचं गाव, स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं, नाव एडिनबरावरूनच घेतलंय. १८६९ मध्ये स्थापन झालेलं ओटागो विद्यापीठ देशातलं सगळ्यात जुनं, आणि गाव बरंचसं विद्यार्थ्यांवरच चालतं. फेब्रुवारीत इकडे उन्हाळा. उन्हाळा म्हणजे आपण समजतो तो नाही, संध्याकाळी मला स्वेटर लागत होता आणि साडेआठलाही बाहेर चक्क उजेड.

खोलीबद्दल एकदाच लिहिते आणि सोडते. फोटोत जी खोली उन्हाने भरलेली दिसत होती तिला खिडकी होती दक्षिणेकडे, आणि इकडे सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे त्या खोलीत ऊन येणं जवळजवळ शक्यच नव्हतं. कपाटात बुरशीचा वास, हीटर बंद. खोली न बघता पैसे भरू नका असं सगळेच सांगतात, मलाही तिघांनी सांगितलं होतं. तरी मी भरले, कारण मला निघायच्या आधी आईबाबांना ‘राहायचं ठरलंय, काळजी करू नका’ एवढं म्हणता यायला हवं होतं. घरमालकाच्या माणसाने हीटर बदलून द्यायला शुक्रवार उजाडवला. त्यात ओरिएंटेशनचा आठवडा म्हणजे अठरा वर्षांच्या नव्या पोरांचाही मोकाट सुटायचा आठवडा, आमच्या गल्लीत रात्री तीनपर्यंत गाणी आणि सकाळी रस्त्यावर काचाच काचा. मला याचा राग आला आणि अजूनही आहे. रस्ता झाडणाऱ्या माणसाला सकाळी सहाला मी बघत होते, त्याच्या जागी आपल्या घरातलं कुणी असतं तर, हे त्या पोरांच्या डोक्यात यायला हवं.

सोमवार आयकार्ड, बँक आणि रांगांमध्ये गेला. आता मंगळवार, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलेय.

बुधवारी बाहेरून आलेल्या आम्हा विद्यार्थ्यांचं माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, पद्धतीने स्वागत होणार होतं, आणि त्याची तयारी म्हणून मंगळवारी दुपारी आम्हाला एका वर्गात बोलावलं होतं. वीस-बावीस जण असू. शिकवायला एक पन्नाशीच्या पुढच्या माओरी बाई, त्यांना सगळे फाएआ म्हणत होते, म्हणजे आई किंवा मावशी, शिकवणाऱ्या बाईलाही तेच म्हणतात. मला आपल्या शाळेतलं ‘बाई’ आठवलं. फाएआंनी सांगितलं की आज आपण स्वतःची ओळख करून द्यायला शिकणार, तिला पेपेहा म्हणतात. आणि फळ्यावर क्रम लिहिला. पहिला डोंगर. मग नदी. मग कुठल्या होडीतून तुमचे पूर्वज आले ती होडी, मग कूळ, मग माणसं. आणि सगळ्यात शेवटी तुमचं नाव.

डोंगराला माओरीत बाकी न्यूझीलंडभर माउंगा म्हणतात, पण इकडे दक्षिणेत काई ताहू या माओरी लोकांच्या बोलीत त्यातल्या ‘ङ्ग’चा ‘क’ होतो, म्हणून माउका. आमच्या शेजारच्या जळगावच्या काकू केळीला केयी म्हणतात तसं. हे ऐकून मला जरा धीर आला, जिथे बोली आहेत तिथे माणसं आपल्यासारखीच असणार असं काहीतरी वाटलं.

फाएआ म्हणाल्या, छान दिसतो म्हणून कुणाचा डोंगर उचलू नका. एका मुलीने आओराकी लिहिला होता, ३,७२४ मीटर उंच, देशातला सगळ्यात मोठा, टेबलावरच्या माहितीपत्रकावर त्याचाच फोटो होता. फाएआंनी तिला अगदी मायेने सांगितलं की तो आमचा पूर्वज आहे, तू तुझा सांग, तुझा लहान असला तरी चालेल. माझ्या बाजूला नेदरलँडचा मुलगा होता, तो म्हणाला आमच्याकडे डोंगरच नाही, सगळं सपाट. मग लहानपणी लांबून काय दिसलं की घर आलं असं वाटायचं? तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, आजोबांच्या शेतामागचा बांध, समुद्र अडवायला घातलेला. फाएआ म्हणाल्या, मग तो सांग.

माझा कागद कोराच होता. सुचत नव्हतं म्हणून नाही. गेली पाच वर्षं पुण्यात शिकताना, मग नोकरीत, मग व्हिसाच्या मुलाखतीत, सगळीकडे मी एकच सांगत आलेय, ‘पुण्याची’. पुण्यातल्या लोकांना ‘साताऱ्याजवळची’. वाई म्हणलं की पुढे महाबळेश्वरला जाताना लागते ती, पिक्चरची शूटिंगं होतात ती, असं समजावत बसावं लागतं, मग मी ते सोडूनच दिलं होतं. आणि इकडे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक अनोळखी बाई फळ्यापाशी उभी राहून म्हणतेय की नाव नंतर बघू, आधी तुझा डोंगर सांग.

मी पांडवगड लिहिला. आमच्या गच्चीतून दिसतो. आजी त्याच्याकडे बघून दिवस चालवते, पांडवगडावर ढग उतरला की वाळवण उचला, असं ती पापड घातलेल्या दिवशी दहा वेळा ओरडते. मग नदी लिहिली, कृष्णा. होडीच्या जागी काय लिहावं कळेना, तर फाएआ म्हणाल्या, तू ज्यातून आलीस ते लिही, तेव्हा मी विमान लिहिलं. आणि गावाच्या जागी इंग्रजीत वाई लिहिलं.

फाएआ फिरत फिरत माझ्यापाशी आल्या, कागद वाचला आणि बोट त्या शब्दावर ठेवून विचारलं, हे काय आहे? मी म्हणलं माझं गाव. त्यांनी तो शब्द त्यांच्या उच्चाराने वाचला, वाय. आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

माओरीत ‘वाय’ म्हणजे पाणी.

पुढे त्या म्हणाल्या की ‘वाय’ म्हणजे ‘कोण’ सुद्धा. कुणाला विचारायचं असेल तर म्हणतात, नो वाय कोए? म्हणजे तू कुणाची? पण त्याच शब्दांत ‘तू कुठल्या पाण्याची’ हेही ऐकू येतं, म्हणून त्यांच्यात बरेच जण म्हणतात की माणसाला नाव विचारायच्या आधी त्याचं पाणी विचारावं. मी नुसती ऐकत राहिले. आमच्या गणपती आळीत कुठल्याही म्हातारीसमोरून जा, ती नाव विचारतच नाही, डोळ्यांवर हात धरून म्हणते, कुणाची गं तू? आणि कुठल्याही पूजेला गुरुजी संकल्प सोडतात तेव्हा हातावर पाणी घेऊन आधी काय सांगतात, गोदावर्याः दक्षिणे तीरे. आधी नदी सांगायची, नदीच्या कुठल्या काठाला बसलोय ते सांगायचं, आणि गोत्र-नाव कुठेतरी पुढे. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलंय, पण ते पत्ता सांगणं आहे, आपण कोण हे सांगणं आहे, हे मला डनेडिनच्या त्या वर्गात पहिल्यांदा कळलं.

फाएआंनी विचारलं, तुमच्या नदीबद्दल सांग. आणि मी जी सुटले. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलीय, पुराचं पाणी दोन बाजूंना फुटून जावं म्हणून. माघात आमच्याकडे घाटाघाटावर कृष्णाबाईचा उत्सव असतो, म्हणजे आत्ता तिकडे चालूच असेल, मांडव घालून नदीची मूर्ती बसवतात, तिला साडी नेसवतात, प्रत्येक आळीचा उत्सव वेगळा, आळीचे दिवस वेगळे. अफजलखान वाईला आला तेव्हाच्या नवसापासून हे चालू आहे असं आमच्याकडे सांगतात. नदीला आम्ही नुसतं कृष्णा म्हणत नाही, कृष्णाबाई म्हणतो, घरातल्या बाईला म्हणावं तसं.

इंग्रजीत हे सांगताना मला भीती होती की फाएआ नुसत्याच ‘सो इंटरेस्टिंग’ म्हणतील. त्यांनी तसं काही म्हणलं नाही. मान हलवली आणि त्यांच्या व्हांगानुई नदीबद्दल सांगितलं, उत्तर बेटातली, तिला २०१७ च्या कायद्याने माणसासारखी कायदेशीर व्यक्ती मानलंय, तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमलेली असतात. तिथल्या लोकांची म्हण आहे, मी नदी आहे आणि नदी मी आहे. त्यासाठी त्यांच्या लोकांनी शंभराहून जास्त वर्षं भांडण चालवलं होतं. मग म्हणाल्या, तुमच्याकडे तिला व्यक्ती करायला कायदा लागला नाही, साडी नेसवलीत. मला मात्र घाटावरचं प्लास्टिक आठवलं आणि मी ते त्यांना खरं खरं सांगितलं, साडी नेसवतो तिलाच सांडपाणी पण देतो. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या हातावर हात ठेवला.

मग सगळ्यांनी उभं राहून आपापला पेपेहा म्हणायचा होता. को पांडवगड ते माउका, को कृष्णा ते आवा, म्हणजे डोंगर पांडवगड, नदी कृष्णा. मी म्हणलं. आवाज कापला, पण म्हणलं. नेदरलँडच्या मुलाने बांध म्हणला.

बुधवारचं स्वागत मोठं होतं, पण त्याचं वर्णन मला नीट करता येणार नाही. आतून एका बाईने हाक घातली, लांब, चढत जाणारी, आणि आम्ही पाहुणे हळूहळू चालत आत गेलो, बायका पुढे. मध्ये थांबायचं, आपल्या गेलेल्या माणसांना आठवायचं. मी आजोबांना आठवलं. मग भाषणं, प्रत्येक भाषणानंतर गाणं, आमच्या बाजूनेही आम्ही आदल्या दिवशी शिकलेलं चार ओळींचं वायाता, म्हणजे गाणं, म्हणलं. शेवटी होंगी, कपाळ आणि नाक टेकवून एकाच श्वासात उभं राहायचं, एवढ्या लोकांशी. अनोळखी माणसाचं नाक नाकाला लावायचं या विचारानेच मी सकाळपासून अवघडले होते, आपल्याला सवय नाही. पण तिसऱ्या-चौथ्या माणसानंतर तो संकोच गेला. आणि मग जेवण, कारण खाल्ल्याशिवाय स्वागत पुरं होत नाही, हे तर कुठल्याही मराठी घरात पटेल.

गुरुवार-शुक्रवार लायब्ररी, लॅबच्या सुरक्षेचं ट्रेनिंग, हीटर. कोथिंबिरीची एक जुडी चार डॉलर, घेतली नाही. बसमधून उतरताना इकडे सगळे ड्रायव्हरला थँक यू म्हणतात, ते मला फार आवडलं, मी पण म्हणते.

शुक्रवारी दुपारी साडेबाराला आजीला फोन लावला, तिकडे पहाटेचे पाच, ती उठलेलीच असते. वर्गातलं सगळं सांगितलं. वाई म्हणजे पाणी हे ऐकून तिला काहीच नवल वाटलं नाही, म्हणाली, मग, दुसरं काय असणार. उत्सवाचं विचारलं तर म्हणाली मांडव लागलाय, यंदा गर्दी आहे, तुझ्या नावाने ओटी भरलीय. मग एकदम म्हणाली,

“तिकडे नदी आहे का गं?”

“आहे की. कॉलेजातूनच जाते. लीथ म्हणतात, तिचं माओरी नाव ओव्हेओ.”

“नमस्कार केलास?”

“नाही अजून.”

“अगं पाच-सहा दिवस झाले जाऊन. तिचं पाणी पितेस ना? मग आधी जाऊन ये.”

नळाचं पाणी कुठल्या नदीचं ते मला माहीत नव्हतं, पण आजीशी वाद घातला नाही. फोन ठेवला आणि गेले. घड्याळाच्या टॉवरसमोरून ती वाहते, कृष्णेच्या मानाने ओढाच, पाणी घोट्याएवढं, तळातले दगड दिसतात. काठाशी पोरं बर्गर खात बसली होती. मी बूट काढून बाजूला ठेवले आणि पाय पाण्यात घातले, इतकं गार की चटकाच बसला. इकडेतिकडे बघून हात जोडले. मग हळू आवाजात, तिला ऐकू जाईल एवढंच, पेपेहा म्हणला. डोंगर, नदी, गाव, आणि शेवटी नाव.

निघताना बूट घातले तर एकाच्या सोलला काठचा काळा चिखल लागला होता. मी तो पुसला नाही.